बारमाही कांद्यालाही पानात जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

अवकाळीने कांदा झोपला की तुमच्या पेपरात फोटो येतो, भाव पडला की परत बातमी येते, पण जो कांदा दरवर्षी लावावाच लागत नाही त्याच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. मणिपूरमध्ये घरोघरी परसात मरोई नाकुप्पी नावाची अशीच बारमाही पात असते, चपटी पानं, लसणासारखा वास, कापली की परत फुटते, एरोंबावर, म्हणजे उकडलेल्या भाज्या, मिरची आणि आंबवलेली मासळी कुस्करून केलेल्या तिथल्या पदार्थावर, ताजी चिरून घालतात. आमच्याकडे गच्चीवर तीच आहे, मे महिन्यात पानांची टोकं करपतात पण खालचे गड्डे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात हिरवंगार होतं. अडचण पाणी साचण्याची, मुळं सडतात, म्हणून गादीवाफा किंवा मोठं भोक असलेली कुंडीच हवी. कापताना दोन बोटं बुडखा ठेवायचा, आणि दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून वेगळे लावायचे, नाहीतर दाटी होऊन पानं बारीक येतात. पांढरी फुलं येतात तेव्हा मधमाश्या हटत नाहीत!

हा काही गड्ड्याच्या कांद्याला पर्याय नाही, भाजीला फोडणी त्याचीच लागणार. पण पातीची गरज तर भागते ना? राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने अशा रानटी आणि बारमाही जाती जपल्यात, त्यांचे ठोंब कृषी प्रदर्शनात साध्या माणसाला विकत मिळावेत आणि तुम्ही शेतीच्या पुरवणीत त्यावर एकदा सविस्तर छापावं, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे