आई, तुला कुणी विचारलंच नाही

फिलाडेल्फिया, २१ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "ग्रँट गेली म्हणजे नोकरी गेली का गं?" मी घाईत "नाही हो" म्हटलं आणि विषय बदलला. तेव्हापासून ते मनात घोळतंय, म्हणून निवांत लिहायला बसले.

नोकरी आहे. विद्यापीठात शिकवण्याचा पगार चालू आहे. बंद झाले ते संशोधनाचे पैसे. पाच वर्षांचं काम होतं, तिसऱ्याच वर्षी दोन ओळींचा ईमेल आला आणि संपलं. माझं भागेल. पण या कामासाठी ज्या दोघी घरोघरी जायच्या, त्यांचा पगार त्यातूनच निघायचा. दोघी त्याच वस्तीतल्या. कुठल्या दाराची बेल वाजत नाही, कोण रात्रपाळी करून दुपारपर्यंत झोपतं, सगळं त्यांना पाठ. त्यांना समोर बसवून हे सांगताना मला रडू आवरलं नाही.

बाबा, पोरगी डॉक्टर आहे तर औषध का देत नाही, असं गावात कुणी विचारलं तर सांगा: माणसाच्या मनावर मोठा घाव बसला की तो पुढे शरीरात कुठे कुठे निघतो, आणि गरिबाच्याच शरीरात जास्त का निघतो, हे ती शोधते.

आमच्या विषयातला एक मोठा अभ्यास सॅन डिएगोचा. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून जास्त प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं. घरात मारहाण व्हायची का, कुणाला दारूचं व्यसन होतं का, कुणी तुरुंगात गेलं होतं का. असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसनं जास्त. पण ती माणसं बहुतेक गोरी, शिकलेली, आरोग्यविमा असलेली. आणि प्रश्न सगळे उंबऱ्याच्या आतले. दाराबाहेर गोळीबार होत असेल तर? कातडीच्या रंगावरून उठता-बसता पाणउतारा होत असेल तर? २०१२-१३ मध्ये इथे फिलाडेल्फियात १,७८४ जणांना हेही विचारलं गेलं. तेव्हा सुमारे १४ टक्के लोक असे निघाले, की त्यांनी जे सोसलं ते सगळं फक्त या नव्या प्रश्नांमध्ये सापडलं. जुन्या यादीनं त्यांच्या नावापुढे शून्य मांडलं असतं. बाबा, मी त्या शून्यासाठी हे काम करते.

गेल्या हिवाळ्यात उत्तर फिलाडेल्फियात एका आजींच्या घरी गेले होते. नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी आकडा खाली येत नाही. हात धुवायला बाथरूममध्ये गेले, तर आंघोळीच्या टबात गोधडी अंथरलेली आणि उशाशी एक कापडी अस्वल. नातू तिथेच झोपतो. टब ओतीव लोखंडाचा आहे, गोळी आरपार येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. डोळ्यांपुढे आपल्या अंगणातली तुझी बाज आली, आई.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, गाव दमून झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची हात-हातभर माती, सगळं माणसांच्या अंगावर आलं. मी पाच वर्षांची. तुझ्या केसांतली माती आठवते, आणि आजी कुठेच दिसेना, एवढंच आठवतं. पुढे नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं. पण तू किती वर्षं बाहेर बाजेवर काढलीस! आम्हाला वाटायचं, आईला उकडतं.

पस्तिशीतच तुला बीपी लागलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले. त्या रात्रीबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही, आणि ते मला फार लागतं.

त्याच १९९३ साली ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी एक विचार मांडला होता. धोका दिसला की शरीरात संप्रेरकं उसळतात, रक्तदाब चढतो, त्यानं जीव वाचतो. पण शरीर वर्षानुवर्षं असं पहाऱ्यावरच राहिलं, तर हृदय आणि रक्तवाहिन्या झिजत जातात. पीएचडीच्या वेळी हे वाचताना मी पानाच्या कडेला पेन्सिलीनं 'आई' असं लिहिलं होतं. ते पान अजून जपून ठेवलंय.

दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय. आई, सांगावंसं वाटलं तर त्या रात्रीचं सांग. वही घेऊन बसणार नाही मी. नाही वाटलं तरी चालेल, दोघींच्या बाजा अंगणात शेजारी शेजारी टाकू.

बाबा, पैशांची काळजी करू नका. नवे अर्ज लिहितेय. त्या दोघींपैकी एकीला विभागात अर्धवेळ काम मिळालं, दुसरीसाठी खटपट चालू आहे. आणि आईच्या बीपीचे आकडे व्हॉट्सअॅपवर पाठवत जा. मागच्या खेपेला फक्त सकाळचे होते. रात्री झोपण्याआधीचेही घ्या.

तुमची,
सुमी