मुलींचे गुडघे जपा

शालेय मुलींच्या उन्हाळी खो-खो शिबिराची बातमी वाचली. शिबिराचे मनापासून स्वागत. पण वेळापत्रकात धावणे आणि सूर मारणेच दिसले, तोल सांभाळण्याचा सराव कुठेच नाही. वयात येणाऱ्या खेळाडू मुलींत गुडघ्याचा अस्थिबंध (एसीएल) फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते, तेही बहुधा कोणाचा धक्का न लागता. माझी पुतणी खांबाला वळसा घेताना अशीच कोसळली. पाऊल रोवलेले, गुडघा आत वळलेला. एका पायावर स्थिर उभे राहणे, उडीनंतर गुडघे वाकवून अलगद उतरणे याला साहित्य लागत नाही. फुटबॉलमधील ‘फिफा ११+’ हा दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्म-अप सरावही २० मिनिटांचाच आहे. प्रशिक्षकांनी तो रोजच्या वॉर्म-अपमध्येच घ्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, जुळे सोलापूर