रिमोटच्या पट्ट्याने कुत्र्याला झालेल्या इजेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पट्ट्याचे पैसे व औषधोपचाराचा खर्च परत मिळणे आणि जाहिरात दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

डिसेंबरात मी तुमच्या कंपनीचा रिमोटवर चालणारा, बटण दाबलं की गळ्याला टेकलेल्या दोन पिनांतून विजेचा झटका देणारा कुत्र्याचा पट्टा 4,850 रुपयांना ऑनलाइन घेतला. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला, किनाऱ्याला लागून. थंडीत इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि आमच्या तांबूला वाळू उकरायची भारी हौस. त्याने घरटं फोडू नये म्हणून हा सगळा खर्च. कायम साखळीला बांधून ठेवणं जिवावर यायचं. मोकळा सोडला तरी हाकेला परत यावा, एवढंच हवं होतं. तुमच्या जाहिरातीत तेच होतं : ‘दोन आठवड्यांत साखळीला सुट्टी’, ‘दिवसभर घाला, निर्धास्त राहा’.

दिवसभर घातला. नवव्या दिवशी पट्टा काढताना गळ्याखालचे केस हाताला चिकट लागले. बाजूला केले तर दोन पिनांच्या जागी तूरडाळीएवढे दोन खड्डे, कडा काळपट, आत पू. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हे शॉकने भाजलेलं नाही. पिना एकाच जागी तासन् तास रुतून बसल्या की कातडीला रक्त पोचत नाही आणि ती मरते. पट्टा अधूनमधून सरकवायचा, रात्री काढायचा, हे तुमच्या पुस्तिकेत एकोणिसाव्या पानावर बारीक इंग्रजीत आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत आहे ते ‘दिवसभर’.

त्या जखमा भरल्या. त्याच आठवड्यात घडलेली दुसरी गोष्ट मात्र भरून आलेली नाही. झटक्याचा जोर ठरवणारी रिमोटची चकती 1 ते 100 फिरते आणि तिला लॉक नाही. मी ती 7वर ठेवायचे. सकाळी रापण ओढणं चाललं होतं, तांबू जाळ्याकडे धावला, मी हाक मारली आणि खिशातच बटण दाबलं. तो असा किंचाळून वाळूत पडला की दोर ओढणारी माणसं थबकली. रिमोट काढून बघते तर आकडा 64. चकती खिशात फिरली होती. त्या क्षणी तांबू बघत होता माझ्या सासऱ्यांकडे. कुत्रं समोर जे दिसतं त्याच्याशी दुखणं जोडतं. सहा वर्षं ज्यांच्या पायाशी झोपला, त्यांची चाहूल लागली की आता तो न्हाणीघरामागे जाऊन बसतो. आप्पा रोज संध्याकाळी बांगड्याचं डोकं घेऊन पायरीवर बसतात, ‘ये रे बाबा’ म्हणत राहतात. ते डोकं शेवटी मांजर नेतं.

हे सगळं सांगायला तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर पलीकडून सल्ला आला, ‘लेव्हल वाढवून बघा.’ याचा मला सर्वांत जास्त संताप आहे. असा पट्टा वापरायचाच असेल तर आधी लांब दोरीवर हाक पक्की करावी लागते आणि आकडा कुत्र्याला जेमतेम जाणवेल एवढाच ठेवावा लागतो, हे मला नंतर जाणकारांकडून कळलं. वेल्समध्ये 2010पासून या पट्ट्यांच्या वापरावर बंदी आहे. तुम्ही मात्र ते खेळण्यासारखे विकता. आता मी दहा मीटर दोरी आणि सुकटीची पुडी घेऊन तांबूला शिकवते आहे. हळूहळू येतो.

पट्ट्याचे 4,850 आणि औषधांचे 1,360 रुपये पंधरा दिवसांत परत करा. ‘दिवसभर घाला’ हे शब्द जाहिरातीतून आणि खोक्यावरून काढा, पट्टा किती वेळ घालायचा ते खोक्यावरच मराठीत छापा, आणि चकतीला लॉक बसवल्याशिवाय हा माल विकू नका. नाहीतर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते.

पट्टा तुमच्या माणसाला तपासायला द्यायची माझी तयारी आहे. पिनांना चिकटलेले केस तसेच ठेवले आहेत, पुसलेले नाहीत.

आपली,
एक ग्राहक
वायंगणी, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग