अर्थ पिन काढू दिली नाहीत त्याबद्दल, दादा, मनापासून आभार

दादा, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडत नाही. पण आमच्या हॉलच्या स्पीकरमधली आणि गेटच्या इंटरकॉममधली ती घूं घूं ज्यांनी ऐकलीय त्यांना कळायला हवं की ती कशी गेली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी घालवायची नसते.

तुमच्या आधी जे बघून गेले ते सरळ म्हणाले होते की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका, आवाज बंद होईल. आणि होतोही तो बंद, म्हणूनच तर लोक करतात! तुम्ही मात्र हे ऐकल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी आम्हाला बसवून समजावलंत, की उद्या आतमध्ये फेज बॉडीला लागला तर करंटला अर्थमधून जायला वाटच उरत नाही, ब्रेकर पडत नाही, आणि तोच फेज माइकच्या केबलच्या शील्डवरून, म्हणजे आतल्या वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणावरून, बोलणाऱ्याच्या हातातल्या धातूच्या माइकपर्यंत पोचतो. आमच्याकडे त्या माइकवर लहान मुलं बोलतात हो. सगळ्यात आधी आभार मानायचेत ते याचे.

मग तुमची शोधायची पद्धत. कुठलीही वायर न कापता आधी नुसतं ऐकलंत. ग्राउंड लूपची, म्हणजे शील्ड दोन ठिकाणी अर्थला लागल्याने होणारी, घूं मेन्सच्या फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झ, आणि पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर गेला असेल तर तिच्या दुप्पट, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मग सगळे इनपुट काढले, अ‍ॅम्प्लिफायर एकदम शांत, एकेक लावत गेलात आणि इंटरकॉमची लाइन लागल्याबरोबर घूं सुरू.

आणि नंतरची ती मल्टिमीटरची टेस्ट तर मी आता ज्याला त्याला सांगतोय. सगळी पॉवर बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूचं शील्ड सोडवलंत, मीटरचं एक टोक शील्डला आणि दुसरं अर्थला. गप्प राहायला हवा होता, तर बीप वाजला. म्हणजे शील्ड दुसरीकडे कुठेतरी अर्थला लागलंय. गेटचा बॉक्स उघडला तर ड्रेन वायर, म्हणजे शील्डला लागून जाणारी उघडी तार, बॉक्सच्या स्क्रूखाली दाबलेली, आणि शील्डची बाहेर आलेली चुरगळलेली फॉइल मागच्या पत्र्याला टेकलेली. तो बॉक्स लोखंडी खांबावर आणि खांब जमिनीत, म्हणजे तिथलं अर्थ वेगळं, इथलं वेगळं, दोन्हीत थोडा व्होल्टेजचा फरक, आणि त्या फरकाचा करंट आमच्या शील्डमधून फिरत होता! तुम्ही ड्रेन वायर सोडवलीत, फॉइल जॅकेटच्या कडेशी कापलीत, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवलीत, परत मीटर लावला, बीप नाही. मग अ‍ॅम्प्लिफायरकडचं टोक परत जोडलं आणि आवाज गायब.

मी लगेच विचारलं की मग शील्ड नेहमी एकाच टोकाला जोडायचं का, तर तुम्ही सरसकट हो म्हणाला नाहीत हे मला फार आवडलं. बॅलन्स्ड लाइन (सिग्नल दोन वायरींवर, शील्ड वेगळं) असेल आणि दोन्हीकडे शील्ड थेट चेसिसला, म्हणजे धातूच्या बॉडीला, जात असेल तर दोन्ही टोकं जोडलेली चालतात, लफडं होतं ते शील्ड आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नेऊन जोडलं की, कारण मग शील्डवरचा करंट ऑडिओत शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये याच ‘पिन १’ च्या (माइकच्या प्लगमधली शील्डची पिन) भानगडीवर लिहिलं आणि पुढे २००५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस ४८ हे स्टँडर्ड आलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमचा इंटरकॉम सर्किट ग्राउंडवाला, म्हणून इथे एकच टोक.

घूं गेल्यावरही हॉलमधली अनाउन्समेंट इंटरकॉमवर बारीक ऐकू यायची, ती तुम्ही तशीच सोडून गेला असतात तरी कोणी काही बोललं नसतं. पण नाही. १०० व्होल्टची स्पीकर लाइन आणि मिलिव्होल्टमधला माइकचा सिग्नल एकाच पाइपातून नेलेले, ते वेगळे करायला लावलेत, जिथे टाळता येत नाही तिथे काटकोनात क्रॉस केलेत. पातळ फॉइल मेन्सच्या मॅग्नेटिक फील्डला जवळपास अडवतच नाही, तिथे अंतर आणि वायरचा पीळ कामाला येतो, म्हणून प्रत्येक टर्मिनलवर लांबच लांब उलगडलेल्या जोड्या कापून पीळ अगदी स्क्रूपर्यंत आणलात. किती किचकट काम ते, आणि कुणाला दिसणारही नाही.

स्पीकरची लाइन शील्डेड पाहिजे का यावर आमच्यात वाद चालला होता तोही मिटवलात, तिथे जाडी बघा म्हणालात. १.५ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर ५० मीटर नेली तर जाऊन-येऊन साधारण १.२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला त्यात पाव भाग पॉवर कमी मिळते, पण १०० व्होल्ट लाइनवर १०० वॅट म्हणजे १०० ओहमचा लोड, तिथे तेवढ्याच वायरने फारसा फरक पडत नाही. हा हिशोब मी कागदावर लिहून अ‍ॅम्प्लिफायरच्या कपाटात आतून चिकटवलाय, शेजारी तुम्ही काढलेलं वायरिंगचं चित्रही.

मागच्या जिन्यातल्या स्पीकरचं टॅपिंग (तो लाइनवरून किती वॅट घेणार ते ठरवणारा जोड) तेवढं बदलायचं राहिलंय, सगळ्या टॅपची वॅट बेरीज करून अ‍ॅम्प्लिफायरच्या रेटिंगपेक्षा कमी येतेय ना ते बघूनच हात लावणार आहोत. झालं की मीटरच्या रीडिंगसकट कळवतो.