मीटर अप की डाऊन?

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

आपण भेटलो एकदाच. चिंचवड स्टेशनबाहेर, दहा मिनिटं. तुम्ही बाबांच्या टॅक्सीचं छोटं मॉडेल ठेवलेलं बुटाचं खोकं माझ्या हातात दिलंत आणि 'आडवं धरू नका' एवढं बोलून निघालात. एवढ्या ओळखीवर 'तीर्थस्वरूप' लिहितोय, चालवून घ्या. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही 'बरं बरं' म्हणून फोन ठेवता, म्हणून हे असं चारचौघांत. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तेवढ्यावरूनही रागवाल.

बाबांनी मुंबईत बावीस वर्षं पद्मिनी चालवली. काळी-पिवळी, त्यांच्या भाषेत 'फियाट'. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईची पद्मिनी टॅक्सी संपली. शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली आणि टॅक्सीला मुदत वीस वर्षांची, म्हणून. त्या दिवशी बाबांनी बातमी पाहिली, टीव्ही बंद केला आणि जेवले नाहीत. मॉडेल बनवून द्यायचं तेव्हाच ठरवलं. खरी गाडी चारेक मीटरची, म्हणजे १:२४ मध्ये सोळा सेंटिमीटरच्या आसपास. हातात मावते आणि आत बारकावेही दाखवता येतात.

पण मी पडलो नवशिका. दुकानदार म्हणाला, कुठलंही थिनर चालतं. ते प्लास्टिकच्या बॉडीवर चाललं नाही, टपाला तळं आटल्यासारख्या भेगा पडल्या. मग गाठले एक 'कस्टमवाले'. साडेतीन हजार आगाऊ घेतले, चार महिने 'उद्या देतो' आणि शेवटी जे दिलं ते बघून बाबांनी एकच विचारलं, "याचा गिअर खाली कुठून आला?" बाबांच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. हे मी त्या गृहस्थांना फोटोसकट सांगितलं होतं. वर भर जुलैत मारलेला लॅकर, दमट हवेनं दुधाळ झालेला. मीटर तर नव्हतंच. विचारलं तर म्हणे, "एवढं बारीक कुणाला दिसतंय?" पैसे परत मागितल्यावर त्यांना माझा नंबरही दिसेनासा झाला.

मग तुम्हाला गाठलं. तुम्ही मात्र आधी ओरडलात. "पाऊस उघडेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही," हे तुमचं पहिलं वाक्य. पुढे काय काय केलंत ते इथे लिहीत बसत नाही, मला त्यातलं अर्धं कळलेलंही नाही. पिवळा रंग आधी मारायचा, तोही पांढऱ्या प्रायमरवर, आणि काळा मागाहून, एवढं मात्र डोक्यात बसलं. पिवळ्याखाली काहीही लपत नाही म्हणालात. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचं बोलणं.

मला सांगायचंय ते त्या फोनबद्दल. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. तुम्ही म्हणालात, "मीटर झालंय. हरभऱ्याएवढं आहे. झेंडी चिकटवायची राहिलीय. अप ठेवू की डाऊन?" मी म्हटलं, काका, कसंही चालेल. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला नाही विचारलं. वडिलांना विचारा. गाडी त्यांची आहे."

काका, बाबांना कुणी काही विचारून किती वर्षं झाली असतील, याचा मी त्या रात्री हिशेब करत बसलो. गाडी भंगारात गेली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन आम्हीच ठरवलं. टीव्हीवर काय लावायचं तेही नात ठरवते. आणि चिंचवडचा एक अनोळखी माणूस मोहरीएवढ्या पत्र्यासाठी अडून बसलाय, कारण झेंडी डाऊन म्हणजे भाडं बसलंय, अप म्हणजे गाडी रिकामी, आणि हे ठरवायचा हक्क ड्रायव्हरचा.

बाबांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "सकाळची गाडी आहे. अजून भवानी व्हायचीय. वर ठेवायला सांग."

बाबा सांगायचे, टॅक्सीत विसरलेली पिशवी परत करायला गेलं की लोक आधी पिशवी उघडून बघतात, मग माणसाकडे बघतात. क्वचित कुणीतरी आधी पाणी विचारतं. ती घरं त्यांना अजून पत्त्यासकट पाठ आहेत. त्या यादीत आता चिंचवडही आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं. तुम्ही माझ्याकडून पुट्टी-रंगाचे सहाशे रुपये तेवढे घेतलेत. बाबा म्हणतात, "वेटिंगचे राहिलेत, ते घ्यायला त्यांना घरी बोलाव."

गाडी शोकेसमध्ये ठेवली नाही. बाबांच्या औषधांच्या डब्याशेजारी असते. परवा नात बोटानं झेंडी खाली करायला गेली तर आजोबा आतून ओरडले, "अगं, भाडं कुठे बसलंय अजून!"

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
टॅक्सीवाल्याचा मुलगा