त्याची शेवटची लॅप तूच सांग

प्रिय मित्रा,

तीन दिवस तुझा फोन बंद आहे, म्हणून पत्र लिहायला बसलो. लगेच वाचलं नाहीस तरी चालेल, पण ठेवून दे.

तू शिकवत असलेला तो पोरगा सरावात कोसळला आणि गेला, ते कळलं. वहिनींशी बोलणं झालं. तू रात्री उठून बसतोस आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतोस, असं त्या सांगत होत्या: "त्याचा श्वास चालू होता ना." आधी त्याच्याबद्दलच लिहितो. हृदय बंद पडल्यावरही माणूस काही वेळ आचके देतो. घोरल्यासारखा आवाज येतो, हातपाय झटकले जातात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, नाहीतर फीट आली आहे. तुला तेच वाटलं. तू त्याला कुशीवर वळवलंस, तोंडावर पाणी मारलंस, गाडी बोलावलीस. ती दोन-तीन मिनिटं गेली नसती तर काहीच फरक पडला नसता, असं खोटं मी तुला सांगणार नाही. छाती दाबली नाही, तर हृदयाला विजेचा शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. पण तुला हे कुणी शिकवलंच नव्हतं आणि मैदानावर शॉक देणारं यंत्रही नव्हतं. जे ठाऊक होतं ते सगळं तू केलंस. आपल्या वेळी तर मला तेवढंही सुचलं नव्हतं.

आपल्या वेळचं आपण दोघं कधी बोललोच नाही. इतकी वर्षं भेटलो, हसलो, एकमेकांच्या मुलांना खेळवलं, पण त्या संध्याकाळच्या सरावाचा विषय निघाला की दोघंही उठून चालायला लागायचो. आज लिहितो. आपल्या रिले संघात तिसऱ्या लेगला, म्हणजे तिसऱ्या टप्प्याला, आपला तो मित्र होता, चौथ्याला तू. त्याने तुझ्या हातात बॅटन दिला आणि चार पावलांवर कोसळला. तू पुढे पाहून धावत होतास, तुला कळणार कसं? तू पूर्ण ४०० मीटर धावून आलास, घड्याळ बघायला वळलास आणि आमचा घोळका पाहिलास. तो बॅटन तुझ्या मुठीतून आम्हाला सोडवून घ्यावा लागला होता. आठवतं?

त्याच्या दोन महिने आधी तो शर्यतीच्या मध्येच चक्कर येऊन खाली बसला होता. "उपाशी धावलास ना?" म्हणून आपण त्याला पाणी पाजलं आणि विषय संपवला. पुढे सगळे "अचानक गेला" म्हणायला लागले, तेव्हा तो शब्द माझ्या घशात अडकायचा. धावता धावता शुद्ध हरपणं म्हणजे हृदयाने दिलेली हाक असू शकते, हे आज मी ज्याला त्याला सांगत सुटतो. हृदयाचा स्नायू जन्मजात दोषाने जाड होत गेलेला असतो, किंवा ठोक्यांच्या विजेतच बिघाड असतो, आणि वरून पोरगा घोड्यासारखा दिसतो. अनेकांच्या बाबतीत तर आधी कसलीच खूण मिळत नाही, हेही खरं.

अमेरिकेतला बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्ये सामन्यातच बेशुद्ध पडला होता. तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, तो पुन्हा खेळायला लागला आणि ४ मार्च १९९० ला कोर्टवर कोसळून गेला. वय २३. तो मूळचा उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो (बास्केटवर कुणी न अडवता टाकायचा चेंडू) जमेनात म्हणून डाव्या हाताने टाकायचा. पुढच्या स्पर्धेत त्याचा मित्र बो किंबल याने आपला पहिला फ्री थ्रो त्याच्यासाठी डाव्या हाताने टाकला, आणि तो आत गेला. जर्सी निवृत्त करणं, टाळ्या वाजवणं हे सगळं माणसं मनापासून करतात आणि ते करावंच. पण मला हा डावा हात जास्त भिडतो. मित्राची सवयच त्याने आपल्या हातात घेतली ना.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो. आपल्या त्या मित्राची बॅग तीन आठवडे बाकाखाली तशीच पडून होती. तिला हात लावायला कुणी धजावत नव्हतं. झाडणारा माणूससुद्धा तिच्या भोवतीने झाडून जायचा. शेवटी आपण दोघं ती घेऊन त्याच्या घरी गेलो. तू फाटकापाशीच थांबलास. मी आत गेलो. काकूंनी, त्याच्या आईने, चेन उघडली, स्पाइक्स काढले. लेसची गाठ तशीच होती, तो गाठ न सोडता ओढून काढायचा. त्या गाठीवर अंगठा फिरवत बसल्या. इतके दिवस येणारा प्रत्येक जण त्यांना "धीर धरा" म्हणत होता, आणि त्याचं नाव निघालं की विषय बदलत होता. त्यांनी मला विचारलं, "बॅटन पडला तर नाही ना रे त्याच्या हातून?"

मी म्हटलं, "नाही काकू. नीट दिला. शेवटच्या वळणावर दोघांना मागे टाकून आला आणि अगदी हातात दिला."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग तुझं नाव घेऊन विचारलं, "तो का नाही आला आत?" मी काहीतरी थाप मारली. बाहेर आल्यावर तुला हे सांगायला हवं होतं, तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. माफ कर.

म्हणून म्हणतो, या पोराच्या आईकडे जा. सांत्वनाची वाक्यं जुळवत बसू नकोस. त्या दिवशी तो सरावाला किती वाजता आला, कुणाची चेष्टा केली, शेवटची लॅप कशी धावला, हे जगात फक्त तुला माहीत आहे. ते तिचं आहे, तिला दे. ती चिडली, तुलाच दोष दिला, तर ऐकून घे आणि दुसऱ्यांदा जा. आणि त्याला धाकटी बहीण आहे ना? यातले बरेच दोष रक्ताच्या नात्यात उतरतात. तिचा ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायलाच हवा, आईवडिलांचाही. हे पहिल्या भेटीत नको, पण फार लांबवूही नकोस. डॉक्टरांकडे तू स्वतः सोबत जा.

पोरांचं काय करायचं, ते तू वहिनींना विचारत होतास म्हणे. सराव सुरू करायचा की बंद ठेवायचा, ते पोरांवर लादू नकोस. १२ जून २०२१ ला कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन हृदय बंद पडून मैदानावर पडला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं, कुणाला तो दिसू नये म्हणून. तो वाचला. पण त्याच संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला, आणि त्या मुलांना मैदानात उतरवायला नको होतं, असं त्यांच्या प्रशिक्षकांनीच नंतर बोलून दाखवलं. तुझी पोरं तर सतरा-अठरा वर्षांची. कुणाला धावावंसं वाटेल, कुणाला ट्रॅककडे बघवणार नाही. दोन्ही चालू दे. रडणाऱ्याला गप्प करू नकोस, आणि जो अजिबात रडत नाही त्याच्यावर जरा लक्ष ठेव.

एक मात्र सगळ्यांना शिकवू या. छातीच्या मधोमध एकावर एक दोन्ही तळहात, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. मी रीतसर शिकून घेतलंय, सरावाचा पुतळाही मिळवलाय. यंत्रासाठी पैसे उभे करायचं माझ्यावर सोड.

तू कोचिंग सोडायचं म्हणतोस. सोड किंवा नको सोडू, पण आत्ता ठरवू नकोस.

रविवारी सकाळी मी येतोय. फोन बंद असला तरी येतोय. त्यांच्याकडे दोघं मिळून जाऊ. बोलायचं तू. या वेळी फाटकापाशी मी थांबेन.

तुझाच,
दुसऱ्या लेगचा