फेडर सरकवला की पेटी बेसूर: भाईंना जाहीर आभारपत्र

भाई, सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते. नाव घालत नाही. फोंड्यातल्या नाटकवाल्यांना ते सांगायची गरजही नाही.

चवथीआधी मंडळाच्या घुमट आरत्या (घुमट म्हणजे एका तोंडावर चामडं ताणलेलं मडक्याचं वाद्य) नीट रेकॉर्ड करायच्या, एवढाच आमचा बेत. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस आला, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हाताने चालवायला आठ फेडरांचा (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्यांचा) कंट्रोल सरफेस आला. फेडर मोटरवाले म्हणे, पण एकही आपणहून जागचा हलेना. आमचा पेटीवाला बोटीवर, त्यामुळे पेटी लॅपटॉपमधली आणि कीबोर्डवर भाचा. इथवर ठीक. पण पहिल्या ट्रॅकचा आवाज कमी करायला फेडर खाली ओढला की पेटी उतरायची, आणि प्लेचं बटण दाबलं की मधेच एक भलताच सूर कोकलायचा. कुणी केबल बदलायला सांगितली, कुणी लॅपटॉप.

तुम्ही आलात आणि बराच वेळ नुसता फेडर वरखाली करत ऐकत बसलात. मग एकच प्रश्न: "सूर एकदम पडता की सरकत जाता?" सरकत जातो म्हटल्यावर तुम्हाला सगळं कळलं होतं. असे सरफेस लॅपटॉपशी मिडीतून, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या निरोपांच्या भाषेतून, बोलतात. त्यातल्या मॅकी कंट्रोल पद्धतीत फेडर आपली जागा पिच बेंडच्या, म्हणजे सूर सरकवायच्या, संदेशातून कळवतो आणि बटणं मिडी नोट, म्हणजे 'हा सूर वाजव' असा निरोप, पाठवतात. पेटीच्या ट्रॅकचा इनपुट 'सर्व मिडी उपकरणे' असा होता. म्हणजे सरफेसचा प्रत्येक निरोप पेटीच्याही कानावर जात होता, आणि ती बिचारी सांगितल्याबरहुकूम वाजत होती! तुम्ही त्या ट्रॅकला फक्त कीबोर्ड दिलात, सरफेस मिडी इनपुटच्या यादीतून काढून कंट्रोल सरफेसच्या पानावर ठेवलात, आणि तिथे रिकामा राहिलेला मिडी आउटपुटही निवडलात. त्याबरोबर आठही फेडर खाडकन आपापल्या जागी गेले. मुलं ओरडलीच.

बफरचं, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून मग पुढे पाठवतो त्याचं, काम पाच मिनिटांचं. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारं सॉफ्टवेअर), आणि १०२४ सॅम्पलांऐवजी, म्हणजे आवाजाच्या सूक्ष्म तुकड्यांऐवजी, १२८. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, १०२४ म्हणजे नुसतं आत येतानाच २१ मिलिसेकंद, १२८ म्हणजे तीनहून कमी. हेडफोनमधला आवाज मागून येतो ही गाणाऱ्यांची कुरकुर त्या दिवसापासून बंद. मिक्सिंगच्या वेळी बफर पुन्हा वाढवायचा, हेही ध्यानात आहे.

पण खरे आभार घुमटाचे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तरी त्याला माइक कसा लावावा हे कोण सांगणार? आम्ही चामड्यासमोर एकच माइक ठेवला होता आणि मडकं पत्र्यासारखं वाजत होतं. दुसऱ्या तोंडावर वादकाचा पंजा उघडझाप करतो, अर्धं वाजवणं तिथेच असतं, असं म्हणत तुम्ही दुसरा माइक तिकडे लावलात. दोन्ही एकत्र ऐकले तर घुमार आणखीच पातळ! थाप पडते तेव्हा चामडं एका माइकपासून दूर जातं आणि मागच्या तोंडातून हवा दुसऱ्या माइककडे ढकलली जाते. मग दोघं एकमेकांना खोडतात. तुम्ही मागच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाच्या लहरीची वरखाली दिशा, उलटी केलीत आणि खोलीभर तो खोल 'घुम्' परत आला. आमचे आजोबा बाहेर पडवीवर होते, तिथून त्यांनी दाद दिली. इक्वलायझरला तुम्ही हातही लावू दिला नाहीत, ते उत्तमच झालं. आजकाल घुमटाचा बास फुगवून त्याचा ढोल करतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर वाद पुढे कधीतरी घालू. पाच आरत्या पेनड्राइव्हवर घालून भाच्याकडे पाठवते आहे. तिसरीत कासाळी (झांजा) फार पुढे आली आहेत असं मला वाटतं, शामेळ हे तालवाद्य वाजवणाऱ्याला तसं वाटत नाही. ऐकून सांगा.

आपली,
मंडळातली एक गाणारी